परदेशांतील हॉटेल आणि रात्रीचा पाहुणा

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराकडे जाणाऱ्या बाजूला, गोखिवरे हें गांव आहे. २००९ सालीं स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत आज तें मोडतें. कारखान्यांचे गाळे आणि उंच इमारती यांनीं त्याचें रूप पार पालटून टाकलें आहे. परंतु घरीं आलेल्या पाहुण्याविषयींची जुनी समजूत कांहीं पालटलेली नाहीं. भेटीस आलेल्या माणसाची शेवटची गाडी चुकली किंवा पावसानें वाट अडविली, तर "आतां रात्रीचे कोठें जातां?" एवढेंच यजमान म्हणतो, आणि घटकाभरांत ओटीवर गादी पडते. त्या रात्रीं घरांत चार माणसें निजलीं कीं सात, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. ठेवल्यास तो कोतेपणा समजला जाईल.

हीच समजूत बरोबर घेऊन माणूस परदेशीं जातो, आणि तेथील हॉटेलांत ती एकदम अडखळते. वसई तालुक्यांतून आखाती देशांत नोकरीसाठीं माणसें जाऊं लागलीं त्याला आज कित्येक वर्षें लोटलीं. अशा एखाद्या मुलाला भेटण्यासाठीं त्याचे आईवडील दुबईस जातात असें समजूं. मुलगा पांच-सहा सोबत्यांबरोबर एका खोलींत, एका खाटेपुरती जागा भाड्यानें घेऊन राहतो. तेथें आईवडिलांस उतरवून घेणें शक्य नसतें. म्हणून दोघांसाठीं हॉटेलांत खोली ठरविली जाते. मुलगा काम आटोपून रात्रीं तेथें येतो. घरून आणलेले डबे उघडले जातात, गांवाकडच्या गोष्टी निघतात, मध्यरात्र होते, आणि आई सहजच म्हणते, "आतां येथेंच नीज." खोलींत गालिचा आहे, उशा चार आहेत, अडचण अशी कोणतीच दिसत नाहीं. इतक्यांत खालून दूरध्वनी येतो : खोलींत तिसरे गृहस्थ आहेत, त्यांचें ओळखपत्र दाखवावें व जादा माणसाचा आकार भरावा, नाहीं तर त्यांनीं निघावें.

बापाच्या मनाला हें लागतें. खोलीचे पैसे आगाऊ भरलेले आहेत. मग त्या खोलींत स्वतःच्या मुलानें निजावें कीं नाहीं हें ठरविणारा तो कारकून कोण? प्रश्न साधा आहे, आणि त्याचें उत्तरही अवघड नाहीं. मात्र त्यासाठीं हॉटेलवाला नक्की काय विकतो हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

मराठींत 'हॉटेल' या शब्दानेंच थोडा घोटाळा करून ठेवला आहे. "हॉटेलांत जाऊन येतों" असें म्हणणारा मराठी माणूस बहुधा चहा पिण्यास निघालेला असतो. तेथें नांव सांगावें लागत नाहीं, बरोबर किती जण आहेत हें कोणी विचारीत नाहीं, आणि एका टेबलाभोंवतीं एखादी खुर्ची अधिक ओढून घेतली तर मालक उलट खूषच होतो. रात्रीच्या मुक्कामाच्या जागेस आपल्याकडे निराळे शब्द होते : धर्मशाळा, सराई, आणि पुढें लॉज. मुंबईंत जेथें १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळकांचा अंत झाला तें सरदारगृह हें अशाच मुक्कामाचें ठिकाण होतें. परदेशांतील हॉटेल हें या दुसऱ्या जातीचें आहे. तेथें जागेबरोबर नांवाचा आणि डोक्यांचा हिशेब येतो.

हा हिशेब परकीयांनींच काढला असेंही नाहीं. अहिल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत तीर्थक्षेत्रीं धर्मशाळा बांधविल्या. अशा धर्मार्थ जागांतही मुक्कामाच्या दिवसांस मर्यादा घालण्याची चाल पडली, कारण एकानें जागा अडविली म्हणजे मागून येणारा वाटसरू उघड्यावर राही. पुढें १८६७ सालीं हिंदुस्थानांत सराईंविषयीं कायदा झाला. त्या कायद्यानें सराई चालविणारावर कांहीं कर्तव्यें घातलीं. सराईची नोंदणी करावी, खोल्या व विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, सांथीच्या रोगानें कोणी आजारी पडल्यास पोलिसांस कळवावें, पहारेकरी नेमावेत, आणि आकारांची यादी दंडाधिकारी सांगेल त्या जागीं व त्या भाषांत लावावी, अशीं तीं कलमें आहेत. प्रवाशाला किती पैसे पडणार हें त्याला वाचतां येईल अशा भाषेंत आधींच दिसलें पाहिजे, हें तत्त्व त्या जुन्या कायद्यांत स्पष्ट आहे. आजच्या परदेशी प्रवाशालाही याहून निराळें कांहीं हवें असतें असें नाहीं.

आतां डोकीं मोजण्याचीं कारणें पाहूं. पहिलें कारण सरकारी नोंदीचें. इटलींत १९३१ सालच्या पोलीस-कायद्याप्रमाणें उतरलेल्या प्रत्येक माणसाचें नांव हॉटेलवाल्यास चोवीस तासांच्या आंत पोलिसांस कळवावें लागतें. मुक्काम चोवीस तासांहून कमी असेल तर ही मुदत सहा तासांचीच असते. ब्रिटनमध्यें १९७२ च्या हुकुमाप्रमाणें सोळा वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येक उतारूचें नांव व राष्ट्रीयत्व लिहून घ्यावें लागतें आणि ती नोंद निदान बारा महिने जपावी लागते. युरोपांतील शेंगेन करारानें परदेशी उतारूनें नोंदीचा कागद स्वतः भरून त्यावर सही करावी व ओळखपत्र दाखवावें असें ठरविलें आहे. बरोबर आलेला नवरा किंवा बायको व अज्ञान मुलें यांना मात्र त्यांतून सूट आहे. वयांत आलेला मुलगा या सवलतींत बसत नाहीं. दुबईंतही उतारूनें पासपोर्ट अगर तेथील रहिवाशाचें ओळखपत्र दाखवावें लागतें. म्हणजे रात्रीं आलेला तिसरा माणूस कोण आहे हें विचारणारा कारकून बहुतेक वेळां स्वतःच्या मर्जीनें विचारीत नसतो; नोंद राहिली तर जाब त्याला द्यावा लागतो.

दुसरें कारण आगीचें. ७ डिसेंबर १९४६ रोजीं अमेरिकेंतील अटलांटा शहरांत वाइनकॉफ नांवाच्या हॉटेलास पहाटे आग लागली. इमारत पंधरा मजल्यांची होती आणि तिला आगीचें भय नाहीं अशी तिची जाहिरात केली जात असे. परंतु वरून खालीं येण्यास एकच जिना होता. ११९ माणसें प्राणांस मुकलीं. त्या प्रसंगानंतर अमेरिकेंत इमारतींच्या सुरक्षिततेच्या नियमांकडे फार गंभीरपणें पाहिलें जाऊं लागलें. खोलींत किती जणांनीं राहावें ही मर्यादा पुष्कळ ठिकाणीं अशाच नियमांशीं जोडलेली असते. आग लागली असतां कोणत्या खोलींत किती माणसें आहेत हें वहीवरूनच पाहतात. जमिनीवर गादी घालून निजलेल्या, वहींत नसलेल्या माणसाला धुरानें भरलेल्या मजल्यावर कोण शोधील?

तिसरें कारण जबाबदारीचें, आणि तें प्रवाशाच्या फायद्याचें आहे. इंग्लंडांत १५८४ सालच्या एका प्रसिद्ध निवाड्यानें असें ठरलें कीं, उतारूचें सामान चोरीस गेलें तर खाणावळवाला त्याला जबाबदार आहे; पण त्याच्या स्नेहाखातर तेथें निजलेला शेजारी हा 'उतारू' नव्हे व त्याला ही भरपाई मागतां येणार नाहीं. १९५६ च्या हॉटेल-मालकांच्या कायद्यांतही तोच धागा आहे. ज्याच्यासाठीं निजण्याची जागा ठरविलेली असेल त्याच प्रवाशाच्या सामानाची अशी खास जबाबदारी मालकावर येते. योग्य ती सूचना लावलेली असेल तर सामान्यतः ती एका वस्तूस पन्नास पौंड व एका माणसास एकंदर शंभर पौंड एवढ्यावर थांबते. तात्पर्य, वहींत नांव असणें हा प्रवाशावरचा पहारा आहे तसाच त्याचा हक्कही आहे. चोरून आंत घेतलेल्या पाहुण्याचे पैसे वांचतात, पण त्याचा हा हक्क त्याच क्षणीं जातो.

चौथें कारण कराचें. प्रवाशांवर मुक्कामाचा कर बसविण्याची रीत फ्रान्समध्यें १९१० पासून आहे. हा कर मोजण्याच्या मुख्य तीन पद्धती आहेत, आणि त्या ओळखल्या म्हणजे बिलांतील अर्धें कोडें सुटतें. पहिली पद्धत खोलीवार. दुबईंत २०१४ पासून असा कर आहे. हॉटेलच्या दर्जाप्रमाणें दर खोलीस दर रात्रीं सात ते वीस दिऱ्हाम पडतात. मलेशियांत २०१७ पासून परदेशी प्रवाशांस दर खोलीस दर रात्रीं दहा रिंगिट असा कर सुरू झाला. येथें खोलींत एक माणूस वाढला म्हणून हा कर वाढत नाहीं. दुसरी पद्धत माणशीं. पॅरिसमध्यें व रोममध्यें हा कर डोईप्रमाणें मोजतात. फ्रान्समध्यें अठरा वर्षांखालील व रोममध्यें दहा वर्षांखालील मुलांस तो माफ आहे. येथें एक माणूस वाढला कीं कर वाढलाच, आणि तो पैसा हॉटेलवाल्याच्या खिशांत न जातां नगरपालिकेकडे जातो. तिसरी पद्धत शेंकड्याची. ॲम्स्टरडॅमनें २०२४ पासून खोलीच्या किंमतीवर शेंकडा साडेबारा असा दर ठेवला, व हाँगकाँगनें १ जानेवारी २०२५ पासून शेंकडा तीन दरानें बंद पडलेला कर पुन्हा सुरू केला. येथें जादा माणसामुळें खोलीची किंमत वाढली तर तेवढ्यापुरता कर चढतो. आपल्या शेजारच्या भूतानांत तर हॉटेलाशीं संबंध न ठेवतां प्रवाशाकडूनच माणशीं शुल्क घेतात. भारतीय प्रवाशास तें दर रात्रीस बाराशें रुपये ठरविण्यांत आलें.

या चार कारणांच्या पलीकडे जो उरतो तो हॉटेलवाल्याचा स्वतःचा आकार. खोलीची किंमत ठरवितांना त्यानें दोन माणसांची न्याहारी, दोघांचे टॉवेल, दोघांचें पाणी असें सारें धरलेलें असतें. तिसरा माणूस आला म्हणजे जादा खाट, चादर व न्याहारी यांचा आकार तो लावतो. जपानांतील जुन्या धर्तीच्या उतार-घरांत तर मुळांत दरच माणशीं असतो, कारण रात्रीचें जेवण व सकाळची न्याहारी त्यांतच येते. तेथें 'खोली घेतली' असें म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाहीं. लहान मुलांच्या बाबतींत वयाची अट असते, पण ती सर्वत्र एक नसते : कोठें सहा वर्षें, कोठें बारा. आईबापांच्या खाटेवर निजणारें मूल फुकट व त्यालाच वेगळी खाट मागितली तर पैसे, असाही नियम पुष्कळ ठिकाणीं आढळतो.

सर्व हॉटेलवाले सरळच असतात असें मात्र समजूं नये. कांहीं ठिकाणीं केवळ भेटीस आलेल्या माणसाचेही पैसे मागितले जातात. कांहीं ठिकाणीं दर स्वस्त दाखवून इतर आकार मागाहून जोडले जातात. अमेरिकेंत ही तक्रार इतकी वाढली कीं १२ मे २०२५ पासून हॉटेलांनीं किंमत दाखवितांना सक्तीचे सर्व आकार धरून एकूण रक्कम दाखवावी असा नियम तेथील केंद्रीय सरकारच्या व्यापार आयोगानें अंमलांत आणला. सिंगापुरांत जाहिरातींतील किंमतीपुढें अधिकाची दोन चिन्हें छापलेलीं दिसतात. त्यांचा अर्थ सेवाशुल्क व सरकारी कर हे दोन्ही वर पडतील. पण एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दोन माणसें म्हणून ठरविलेल्या खोलीच्या एकूण रकमेंत तिसऱ्याचा आकार कोठेंच दाखविलेला नसतो, कारण तिसरा येणार हें कोणी सांगितलेलेंच नसतें.

पैशांखेरीज रीतिभातीचाही प्रश्न असतो. सौदी अरेबियानें २०१९ सालीं आपले नियम सैल केले आणि परदेशी स्त्री-पुरुषांस विवाहाचा दाखला न मागतां एका खोलींत राहण्याची, तसेंच ओळखपत्र दाखवून स्त्रियांस एकट्यानें खोली घेण्याची मोकळीक दिली; त्याच्या आधीं तसें नव्हतें. कायदा सैल झाला तरी एखादें हॉटेल स्वतःचा नियम कडक ठेवूं शकतें. एकाच आडनांवाचे भाऊबहीण, किंवा लग्नानंतर माहेरचेंच नांव पासपोर्टावर असलेली सून, यांना अशा ठिकाणीं उगाच प्रश्नांस तोंड द्यावें लागतें. नात्याचा एखादा सरकारी कागद जवळ असला तर बोलणें लवकर संपतें.

मग गोखिवऱ्याहून निघणाऱ्या कुटुंबानें काय करावें? खोली ठरवितांनाच चार गोष्टी विचाराव्या, आणि त्यांचें उत्तर लेखी मागून घ्यावें. या खोलींत नियमानें जास्तींत जास्त किती माणसें राहूं शकतात? भेटीस आलेल्या माणसास किती वाजेपर्यंत खोलींत बसतां येतें, कीं त्याला खालच्या दिवाणखान्यांतच भेटावें लागतें? तो रात्रीं राहिला तर आकार किती, व त्यांत खाट आणि न्याहारी धरली आहे काय? मुक्कामाचा कर खोलीवार आहे, माणशीं आहे, कीं शेंकड्यानें? हे प्रश्न विचारणें अपमानाचें नाहीं. उलट व्यवस्थापकाला असें गिऱ्हाईक आवडतें, कारण मध्यरात्रीं त्याच्याशीं वाद घालण्याचा प्रसंग येत नाहीं. शिवाय, तिघांसाठीं म्हणून आधींच घेतलेली खोली ही दोघांची खोली घेऊन मागाहून तिसरा वाढविण्यापेक्षां पुष्कळ वेळां स्वस्त पडते. मुलगा आठवड्यांतून एकच रात्र राहणार असेल, तर त्या एका रात्रीपुरतें तिसरें नांव घालतां येईल काय हेंही विचारावें.

एवढें करूनही एखादे वेळीं बिलांत अनपेक्षित रक्कम दिसली, तर चिडण्याआधीं ती कर आहे कीं हॉटेलचा आकार आहे हें विचारावें. कर असेल तर त्यांत घासाघीस चालत नाहीं. हॉटेलचा आकार असेल तर दरपत्रक किंवा आलेलें लेखी उत्तर पुढें ठेवावें. पुष्कळदां तेवढ्यानें काम होतें. भेटीस येऊन रात्रीं परत गेलेल्या माणसाचे पैसे लावले असतील, तर तो किती वाजतां आला व किती वाजतां गेला हें शांतपणें सांगावें. जाग्यावर केलेली हरकत जितकी चालते, तितकी घरीं येऊन पाठविलेली तक्रार चालत नाहीं.

या साऱ्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती गोखिवऱ्याच्या माणसाला घरबसल्या अनुभवास येऊं शकते. परदेशीं जन्मलेला व तेथील नागरिक झालेला नातू लग्नकार्यासाठीं वसईंत येतो, घरांत गर्दी म्हणून जवळच्या लॉजवर उतरतो, आणि कारकून त्याचा पासपोर्ट मागतो. आजोबांना नवल वाटतें : "अहो, हा तर आमच्या घरचा मुलगा!" परंतु परदेशी नागरिकाची माहिती चोवीस तासांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठविणें हें भारतांतील हॉटेलवाल्यांवर कायद्यानें घातलेलें काम आहे, 'सी फॉर्म' या नांवानें तें सर्वांस माहीत झालें. दुबईच्या कारकुनानें बापाला जें विचारलें, तेंच येथील कारकून नातवाला विचारीत असतो. आपल्या गांवीं जो नियम रास्त वाटतो तो परदेशांत गेल्यावर माणुसकीला सोडून आहे असें म्हणतां येत नाहीं.

घरच्या यजमानाला पाहुणा ओळखीचा असतो. त्याच्या नांवाची नोंद करण्याची त्याला गरज पडत नाहीं, आणि पाहुण्याला कांहीं झालें तर घर त्याच्या पाठीशीं उभें राहतें. हॉटेलच्या मालकाला उतारू ओळखीचा नसतो; त्याची ओळख, त्याची सुरक्षितता आणि त्याचा हक्क या तिन्ही गोष्टी वहींतील त्या एका ओळींत असतात. ती ओळ भरून घेण्याचे पैसे पडतात हें खरें, आणि ते किती हें आधीं विचारणें हा प्रवाशाचा अधिकार आहे. दुबईस निघालेल्या त्या आईवडिलांनीं खोली ठरवितांना दोघांच्या नांवांखालीं मुलाचेंही नांव एका रात्रीसाठीं लिहून ठेवलें, तर पैसे थोडे अधिक पडतील. पण मध्यरात्रीं दूरध्वनी वाजणार नाहीं, मुलाला जादा खाट मिळेल, आणि सकाळीं तिघेही एकत्र बसून न्याहारी करतील.